लिहायचं एक, वाचायचं दुसरं

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायातलं पंधरावं वचन इंग्रजी वाचकांच्या कितीतरी पिढ्यांना पाठ आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ईयोब म्हणतो, त्याने मला ठार मारलं तरी मी त्याच्यावरच भरवसा ठेवीन. मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं उठली, आणि राखेत बसलेला माणूस हे बोलतो. वाचताना अंगावर काटा येतो. आता १९५२ ची रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्ती उघडा. त्याच जागी तोच माणूस म्हणतो: तो मला मारणार, मला काही आशा उरलेली नाही.

दोन्हीकडचे भाषांतरकार हिब्रूत मुरलेले होते आणि लबाडी कुणीच केलेली नाही. सगळा प्रश्न एका अक्षराचा आहे. हिब्रूत तिथे 'लो' असा शब्द आहे. लामेद या अक्षरापुढे आलेफ हे अक्षर लिहिलं तर त्याचा अर्थ 'नाही', वाव लिहिलं तर 'त्याची'. कानाला दोन्ही सारखेच. पुढचं क्रियापद वाट पाहण्याचं, आशा धरण्याचं. म्हणजे एका अक्षराने 'त्याचीच वाट पाहीन', दुसऱ्याने 'आता कसली वाट पाहायची'.

ही अडचण इंग्रजीत येताना उपटलेली नाही. इसवी सन २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, सोटा या प्रकरणात, रब्बींनी म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी नेमका हाच शब्द चर्चेला घेतलाय. पारडी समान आहेत, असं ते स्पष्ट म्हणतात: ईयोब आशा धरतोय की धरत नाहीये? मग ते सत्ताविसाव्या अध्यायातल्या पाचव्या वचनाचा आधार घेतात आणि ईयोबाने देवाची सेवा प्रेमापोटी केली, असा निर्वाळा देतात. निर्वाळा दिला, पण मजकुरातलं अक्षर बदललं नाही. पुढे तिबेरियासच्या मासोरा परंपरेतल्या, म्हणजे हिब्रू मजकूर काटेकोर जपणाऱ्या परंपरेतल्या लेखनिकांनीही तेच केलं. ओळीत आलेफ राहू दिलं आणि समासात नोंद केली की वाचताना वाव समजून वाचा. लिहिलेलं ते 'कतीव', वाचायचं ते 'करे'. अशा जागा हिब्रू बायबलमध्ये शेकड्यांनी आहेत.

मला या लेखनिकांबद्दल फार आदर वाटतो. आपल्या धर्मातला सर्वांत पवित्र ग्रंथ हातात असताना, ज्या अक्षराने अर्थ उलटा होतो ते अक्षर खोडायची पूर्ण सोय असताना, त्यांनी ते खोडलं नाही. आणि वाचकाला अंधारातही ठेवलं नाही.

हिब्रूतून इंग्रजीत बायबल आणणं कठीण का, असं विचारलं की लोक बहुधा 'अमुक शब्दाला इंग्रजीत शब्दच नाही' अशी उदाहरणं देतात. ती खरी आहेत. पण माझ्या मते मोठी अडचण वेगळीच आहे. मूळ मजकूर ठिकठिकाणी दुहेरी आहे, धूसर आहे, क्वचित मोडलेलाही आहे, आणि इंग्रजी पानाच्या ओळीत एकच काहीतरी छापता येतं. जे छापलं जातं ते मग खणखणीत दिसतं. न छापलेलं कुठे जातं? समासात जायला हवं. आणि तो समासच आज आपल्या डोळ्यांसमोर पुसला जातोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची. स्वर कसे उच्चारायचे ते तोंडी चालत आलं. सातव्या ते दहाव्या शतकांत मासोरावाल्यांनी अक्षरांच्या वर-खाली बिंदू-रेघा देऊन ते नोंदवलं. अलेप्पोची प्रसिद्ध पोथी साधारण ९३० ची. १९४७ च्या दंगलीत तिचं मोठं नुकसान झालं आणि तोरातला, म्हणजे पहिल्या पाच पुस्तकांतला, बहुतेक भाग गेला. आज पूर्ण हाती असलेली सर्वांत जुनी पोथी लेनिनग्राडची, १००८ सालची. त्याच १९४७ साली मृत समुद्राकाठी कुम्रानच्या गुहांत गुंडाळ्या सापडायला लागल्या, त्या तिच्याहून हजारभर वर्षांनी जुन्या. किंग जेम्सच्या विद्वानांना यातलं काहीच मिळालेलं नव्हतं.

तरीही त्यांनी काम किती प्रामाणिकपणे केलं ते शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायात दिसतं. प्रसंग असा. पलिष्ट्यांनी इस्राएलात एकही लोहार राहू दिलेला नाही. तलवारी, भाले होऊ नयेत म्हणून. त्यामुळे नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड, काहीही पाजवायचं तर डोंगर उतरून शत्रूच्याच दारात जायचं. एकविसाव्या वचनात 'पीम' हा शब्द येतो, आणि तो अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये फक्त इथेच आहे. १६११ च्या मंडळींना तो लागला नाही. आजूबाजूला अवजारं, धार, पाजवणं. म्हणून त्यांनी ओळीत 'कानस' असं लिहिलं. इस्राएली लोकांकडे निदान कानस तरी होती, असा अर्थ लावला. पण समासात टीप दिली: हिब्रूत 'तोंडं असलेली कानस' असं आहे. तोंडाला हिब्रूत 'पे' म्हणतात, त्यावरून ते तिथवर पोचले होते. तोंडं असलेली कानस म्हणजे काय, हे कुणालाच सांगता आलं नसतं, पण मूळ मजकूर आपल्या वाक्यात नीट बसत नाहीये एवढं त्यांनी वाचकाला दाखवून ठेवलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या भूमीत छोटे, घोटीव दगड मिळायला लागले. त्यांच्यावर तीन अक्षरं कोरलेली: पे, योद, मेम. पीम! वजनं होती ती, सुमारे पावणेआठ ग्रॅमची, म्हणजे शेकेल या जुन्या वजनाच्या दोन-तृतीयांश. वचनाचा अर्थ उलगडला. फाळ पाजवायचा दर एक पीम. इस्राएली शेतकऱ्याकडे कानस वगैरे काही नव्हती. शत्रू त्याच्याकडून प्रत्येक अवजारामागे चांदी मोजून घेत होता. अख्ख्या प्रसंगातली पिळवणूक त्या एका शब्दात होती. आता नवीन इंग्रजी आवृत्त्यांत दर छापतात. मला मात्र जुन्या पानावरची ती टीपही तितकीच मोलाची वाटते.

त्या काळी समास हा साधा विषय नव्हता. १५६० च्या जिनिव्हा बायबल या इंग्रजी भाषांतराच्या समासात भरपूर टिपा होत्या आणि त्यांतल्या काही राजसत्तेला झोंबणाऱ्या होत्या. निर्गमच्या पहिल्या अध्यायात सुइणी इजिप्तच्या राजाची, फारोची, आज्ञा मोडून हिब्रू मुलगे जिवंत ठेवतात. तिथे टीप होती की त्यांनी आज्ञा मोडली ते योग्यच केलं. इंग्लंडचा राजा पहिल्या जेम्सला हे खपलं नाही. १६०४ च्या हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत त्याने आक्षेप घेतला आणि नव्या भाषांतरासाठी नियम झाला: समासात टिपा नकोत, फक्त हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापुरती मुभा. भाषांतरकारांनी ती मुभा भरपूर वापरली. त्यांच्यातल्याच मायल्स स्मिथ यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत तिचं समर्थनही आहे: जे देवाने संदिग्ध ठेवलंय त्यावर आपण ठाम निकाल देणं हा उद्धटपणा होईल. पशुपक्ष्यांची आणि रत्नांची कितीतरी हिब्रू नावं नीट कळत नाहीत, हेही ते मोकळेपणाने सांगतात.

आज दुकानात मिळणारी किंग जेम्सची बहुतेक स्वस्त प्रत उघडून बघा. प्रस्तावना नाही. समास कोरा. फोनवरच्या बऱ्याच ॲपमध्ये तर समास नावाची जागाच नाही. ज्यांनी आयुष्यातली वर्षं घालून 'इथे आमची खात्री नाही' असं लिहून ठेवलं, त्यांच्याच नावाने लोक आता 'यातला शब्द न् शब्द पक्का' असं सांगतात. हा त्या विद्वानांवर अन्याय आहे.

मी स्वतः पोटापाण्यासाठी भाषांतरं करते, कायद्याची आणि औषधांची. मूळ वाक्याचे दोन अर्थ निघत असले की टीप लिहून पाठवते, आणि टीप काढून 'फायनल' पाठवा असं उत्तर येतं. घाई मला समजते. पण तेविसावं स्तोत्र म्हणजे औषधाचं पत्रक नव्हे. 'परमेश्वराच्या घरात मी सदासर्वकाळ राहीन' या शेवटच्या ओळीवर लोक प्रियजनांना निरोप देतात. हिब्रूत तिथे शब्दशः 'दिवसांच्या लांबीपर्यंत' आहे, दीर्घायुष्यभर. किंग जेम्सच्या समासात हे दिलंय. दुःखात असलेल्या माणसाकडून 'सदासर्वकाळ' हिसकावून घ्या, असं मी म्हणत नाही. पण शांत वेळी वाचताना दुसरा अर्थही त्याच्या हाती असायला हवा.

समास असला म्हणजे वाद मिटतात असंही नाही. यशयाच्या सातव्या अध्यायात 'अल्मा' गर्भवती होऊन पुत्राला जन्म देईल असं वचन आहे. अल्मा म्हणजे तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' आलं, म्हणजे कुमारिका. मत्तयाने शुभवर्तमानात ते घेतलं आणि येशूच्या जन्मकथेशी ते कायमचं जोडलं गेलं. १९५२ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने यशयात 'तरुण स्त्री' छापलं, तळटिपेत 'किंवा कुमारिका' असंही दिलं. तरी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळलं. माझ्या मते त्या समितीने केलं तेच बरोबर होतं. यशयाचं पुस्तक यशयाच्या हिब्रूतून यावं, मत्तयाचं मत्तयाच्या ग्रीकमधून. दोघांचा मेळ घालणं हे धर्मशास्त्राचं काम. भाषांतरकाराने ते मूळ मजकुरात गुपचूप उरकू नये.

आता काही गोष्टी अशा आहेत की त्या समासातही मावत नाहीत. यशयाच्या पाचव्या अध्यायात देव द्राक्षमळ्याची कैफियत मांडतो. त्याने वाट पाहिली 'मिश्पात'ची, न्यायाची, आणि मिळाला 'मिस्पाख', रक्तपात. वाट पाहिली 'त्सदाका'ची, नीतिमत्तेची, आणि कानी आली 'त्सआका', आकांत. अन्याय किती बेमालूमपणे न्यायासारखा दिसतो, हे तिथे ध्वनीच सांगतो. इंग्रजीत अर्थ येतो, पण हा घाव येत नाही. शरीराच्या भाषेचंही तसंच. एकोणसत्तराव्या स्तोत्रात पाणी 'नेफेश'पर्यंत चढलंय. नेफेश म्हणजे प्राण, आणि गळाही. बुडणाऱ्या माणसाच्या गळ्याशी आलेलं पाणी किंग जेम्समध्ये आत्म्यापाशी जातं आणि चित्र विरघळतं. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ऑल्टर यांनी अख्ख्या हिब्रू बायबलचं भाषांतर २०१८ मध्ये पूर्ण केलं, त्यात 'आत्मा' हा इंग्रजी शब्द ते कटाक्षाने टाळतात. हिब्रूतला 'आणि, आणि, आणि' असा पुढे सरकत जाणारा ठेकाही ते राखतात. वाक्यं सुटसुटीत करण्याच्या नादात बाकीच्या आधुनिक आवृत्त्यांनी तो मोडला. मला ऑल्टर पटतात, आणि त्यांच्या पानावर निम्मी जागा टिपांना दिलेली असते म्हणून जास्तच पटतात.

आपल्याकडेही या कामाची परंपरा आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून काढलं, कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी. पंडिता रमाबाईंनी तर संस्कृतात पारंगत असताना हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी थोडेच दिवस काम हातावेगळं झालं होतं. सोपी भाषा हवी म्हणून मूळ भाषा चुकवायची नाही, ही त्यांची शिस्त मला फार मोठी वाटते.

इंग्रजीतून वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना एकच सुचवते. ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीची १९८५ ची आवृत्ती जवळ ठेवा. तिच्या पानांच्या तळाशी बारीक अक्षरात पुन्हापुन्हा एक टीप येते: 'हिब्रूचा अर्थ अनिश्चित.' ईयोबाच्या पुस्तकात तर ती जागोजागी आहे. अशी टीप आली की तिथे थांबा, आणि तेच वचन दुसऱ्या दोन आवृत्त्यांत काढून बघा.