दाब वाढतो म्हणून? एवढंच नाही

अवकाशस्थानकात महिनोन्‌महिने राहिलेल्यांची जवळची नजर का बिघडते, हे अंतराळवीरांच्या डोळ्यांवरच्या लेखात ‘डोक्यातला दाब वाढतो’ म्हणून उरकलंय. अहो, जमिनीवर आडवं झाल्यावर तो दाब तिथल्यापेक्षा जास्तच असतो! फरक इतकाच की सकाळी उठून उभं राहिलं की आपला उतरतो. ४०० किलोमीटर उंचीवर घिरट्या घालताना वजनच जाणवत नाही, त्यामुळे उभं राहून दाब उतरवण्याची ही रोजची सुटका नाही. बहुतेक त्यामुळेच, नेत्रगोल मागून चपटा होतो, डोळ्याच्या आतला पडदा (ज्यावर प्रतिमा उमटते तो) किंचित पुढे येतो आणि वाचायला जादा नंबर लागतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ७ पैकी ५ अंतराळवीरांत हा चपटेपणा आढळला होता. मंगळावर नुसतं जायलाच सहा-सात महिने लागतात, तेव्हा तिथे जाणाऱ्यांच्या डोळ्यांचं काय, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.