संमती मिळवण्याची सोपी रीत

विद्यापीठात वाङ्मयचौर्य तपासणीची जबाबदारी आपल्या गळ्यात नव्यानेच पडली असेल, तर विद्यार्थ्यांच्या संमतीची चिंता मुळीच करू नये. प्रबंध सादर करण्याच्या पानावर ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ अशी एक चौकट ठेवावी, तिच्यात आपणच आधी टिक करून द्यावी आणि ती काढताच ‘सादर करा’ हे बटण करडे पडेल, एवढी तजवीज करावी. मुदत रात्री बाराला संपत असली म्हणजे पावणेबाराला अटी वाचत बसणारा विद्यार्थी सहसा सापडत नाही.

युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामध्ये आधीच टिक केलेली चौकट संमती मानली जात नाही. पण म्हणून कोणी घाबरू नये. तपासणी हे ‘सार्वजनिक हिताचे कार्य’ असल्याचे दाखवता आले, की संमती विचारण्याचीच गरज उरत नाही. अमेरिकेत चार शाळकरी मुलांनी ‘आमचे लेखन साठवू नये’ असे निबंधांवरच लिहून, नक्कल शोधण्यासाठी निबंध साठवून ठेवणाऱ्या टर्निटिन या सेवेच्या कंपनीवर दावा लावला, तेव्हा 2009 मध्ये अपील न्यायालयाने ती साठवणूक ‘उचित वापर’, म्हणजे लेखकाच्या परवानगीवाचूनही चालणारा वापर, ठरवली. पुढे 2019 मध्ये टर्निटिन सुमारे 175 कोटी डॉलरला विकले गेले. त्यात निबंधकर्त्यांचा वाटा किती, असे विचारणे अर्थातच कोतेपणाचे. कॅनडातील मॅगिल विद्यापीठात मात्र एका विद्यार्थ्याने या तपासणीला नकार दिला आणि 2004 मध्ये तिच्याविनाच त्याच्या निबंधांना गुण द्यावे लागले. हे उदाहरण विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू देऊ नये.

काय साठवले जाते, हेही फार सांगत बसू नये. फाइलच्या नावात विद्यार्थ्याचे नाव आणि हजेरी क्रमांक असतो. ऋणनिर्देशात आईच्या आजारपणाचा उल्लेख असतो. परिशिष्टात मुलाखती असतात, आणि त्या देणाऱ्यांना तर कोणी काहीच विचारलेले नसते. परवानगीवाचून दुसऱ्याचे लेखन घेऊ नये, हा धडा शिकवण्यासाठी एवढे साहित्य जमवावेच लागते.

एवढे करूनही एखादी विद्यार्थिनी साम्य अहवाल हातात घेऊन येईल आणि 94 टक्के जुळणी तिच्याच पहिल्या खर्ड्याशी आहे, तो कायमच्या संग्रहात गेल्याचे तिला कोणी सांगितलेच नव्हते, अशी तक्रार करील. तिला शांतपणे बसवावे, टिक दाखवावी आणि स्व-वाङ्मयचौर्याबद्दल खुलासा तीन दिवसांत लेखी मागवावा. खुलासाही त्याच पानावरून सादर करण्यास सांगावे.