अकरा दिवस कुठे गेले, त्याचा हिशोब

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा, आणि खाली: ‘गोव्यात चांगला एजंट निवडायचा असेल तर यांच्यापासून लांब राहा. अकरा दिवस नुसतं झुलवलं, हातातलं घर घालवलं, वर दोन टक्के कमिशन मागतात.’ गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने फोनवर मला हेच वाचून दाखवलं आणि मग ‘कळवतो’ म्हणाला. त्याने अजून कळवलेलं नाही. म्हणून हे उत्तर.

आधी माझी चूक. शुक्रवार 29 ऑगस्टला तुमचे तीन फोन मी घेतले नाहीत, परतही केला नाही. त्याबद्दल माफ करा. आणि पहिल्याच दिवशी ‘कागद बघूया, मग टोकनचं बघूया’ असं बोललो, तेही पुण्याच्या माणसाशी बोलताना जपून बोलायला हवं होतं. आमच्याकडे ‘बघूया’ म्हणजे माणूस खरंच बघतो. तुमच्याकडे त्याचा अर्थ टाळाटाळ होतो, हे मला माझ्या मुलीने समजावलं.

पण अकरा दिवस झुलवलं, हे मात्र मला पटत नाही. कॅलेंडर काढून बसलोय, तुम्हीही काढा.

तुम्ही आलात 22 ऑगस्टला. शुक्रवार. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, गाडी आत घालू नका, कोलवाळच्या पुलाजवळ थांबा, मी येतो, असं मी आदल्या रात्री सांगितलं होतं. दहाची वेळ ठरली होती, तुम्ही पावणेएकला पोचलात. ते सोडा, लांबचा प्रवास होता. घर बघितलं, वहिनींना पुढची बाल्काव, म्हणजे दारासमोरची ओसरी आवडली, तुम्ही तिथल्या सोप्यावर, बांधलेल्या बाकावर बसून फोटो काढलेत. विकणाऱ्याने तिथेच पाच लाख टोकन मागितलं, रोख. तुम्ही ‘संध्याकाळी एटीएम बघतो’ म्हणालात. मी तुम्हाला बाजूला घेऊन नको म्हटलं. जमीन-घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख आगाऊ घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड लागला तर घेतलेल्या रकमेएवढा. दंड घेणाऱ्याला लागतो हे खरं. पण रोखीचा आग्रह धरणारा माणूस पावतीच्या वेळी काय करील, हा प्रश्न तुमचाच होता ना?

त्याच रात्री मी एक-चौदाचा उतारा, म्हणजे तुमच्याकडच्या सातबारासारखा आमचा कागद, ऑनलाइन काढला. 23 आणि 24 शनिवार-रविवार, सरकारी कार्यालयं बंद. सोमवारी 25 ला सब-रजिस्ट्रारकडे निल एन्कम्ब्रन्सचा, म्हणजे घरावर बोजा नसल्याच्या दाखल्याचा अर्ज केला आणि मामलेदार कार्यालयात म्युटेशनची, म्हणजे फेरफाराची चौकशी केली. मंगळवारी पंचायतीत घरपट्टी कोणाच्या नावावर आहे ते पाहिलं. बुधवारी 27 ला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गोव्यात चवथीचे पहिले दोन्ही दिवस सरकारी सुट्टी असते. शुक्रवारी कार्यालय उघडं होतं, पण खुर्च्या रिकाम्या. गावी गेलेला माणूस एका दिवसासाठी परत येत नाही, तो सोमवारीच येतो. मग पुन्हा शनिवार-रविवार. सोमवारी 1 सप्टेंबरला दाखला हातात आला आणि 2 तारखेला सकाळी मी तुम्हाला फोन केला. अकरा दिवस झाले हे खरं, पण त्यात कार्यालयाचे दिवस पाच, आणि त्यातलाही एक नावापुरता.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला शिडीवर चढलो होतो तेव्हाही तुमचा फोन आला होता आणि मी तो घेतला होता. एका हातात माटोळीची रानफळं, कांगलां, दुसऱ्या हातात मोबाईल. तुमच्याही घरी गणपती होता, साहेब. आरतीचा व्हिडिओ तुम्ही स्टेटसला ठेवला होता, छान होता. तुमच्याकडे गणपती आणि आमच्याकडे फक्त उशीर, असं कसं?

आता त्या पाच दिवसांत मी काय बघत होतो ते सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की ‘कागदपत्रांचं निमित्त’ केलं.

उताऱ्यावर विकणाऱ्याचं नाव नव्हतं. त्याच्या आजोबांचं होतं. गोव्यात हे नेहमीचं आहे, दर तिसऱ्या घराला आजोबाच मालक. पण इथला वारसा पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यातून आलाय, आता 2012 चा आपला कायदा आहे, आणि त्याचं तत्त्व असं की लग्नानंतर सहसा नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी होते आणि मुलांचा वाटा मृत्युपत्र करूनही पूर्ण काढता येत नाही. म्हणजे आजोबांच्या घराला सगळी मुलं, त्यांच्यातले जे गेले त्यांची मुलं, आणि सहीला त्या सगळ्यांचे जोडीदारही. विकणारा ‘सगळं माझंच’ म्हणत होता. माझ्या चौकशीत एक भाऊ इंग्लंडात आणि एक बहीण कुवेतला निघाली. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी, झालेली नव्हती. परदेशातून पॉवर ऑफ ॲटर्नी आली तरी ती तिथल्या नोटरीकडून किंवा भारतीय वकिलातीतून प्रमाणित होऊन यावी लागते, दोन दिवसांत होत नाही. शिवाय विकणाऱ्यांत अनिवासी असेल तर 1 टक्का टीडीएसवर भागत नाही, त्याच्या वाट्यावर जास्त कापावा लागतो आणि न कापल्यास आयकरवाले घेणाऱ्याला धरतात. घेणारे तुम्ही होता.

त्याच उताऱ्यावर ‘इतर हक्क’च्या रकान्यात एक नाव होतं. मागच्या अंगणातलं ते छोटं कौलारू घर आठवतंय? वहिनी म्हणाल्या होत्या, तिथे गेस्टरूम करू. तिथे एक म्हातारी बाई राहते. मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत पूर्वीपासून घर करून राहणारी. 1975 च्या कायद्याने तिला तिथून हलवता येत नाही, उलट आपलं राहतं घर आणि लगतची ठरावीक जागा विकत घ्यायचा हक्क तिला आहे. विकणारा म्हणाला, ‘ती जाईल.’ ती कुठे जाईल, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्या बाईला मी लहानपणापासून ओळखतो.

आणि एक, जे तुम्हाला फोनवर सांगायचं राहून गेलं: मागची जागा प्रादेशिक आराखड्यात अर्धी ऑर्चर्डमध्ये, म्हणजे बागायतीत दिसते. तिथे स्विमिंग पूल होणार नव्हता.

निल एन्कम्ब्रन्स कोरा आला, हेही सांगतो. घरावर कर्जाचा बोजा नव्हता, तेवढं तुमचं म्हणणं बरोबर निघालं. पण तो दाखला नोंदलेल्या व्यवहारांपुरता असतो. कुवेतची बहीण त्यात दिसत नाही.

गोव्यात मेलेल्या आणि परदेशी राहणाऱ्या मालकांच्या जमिनी खोट्या कागदांवर विकल्या गेल्या, म्हणून सरकारला 2022 साली एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली. तेव्हापासून मी कोणाच्याही तोंडी शब्दावर टोकन देऊ देत नाही. माझं काही नुकसान होतंय त्यात, होऊ दे. जुन्या घराच्या फेरविक्रीला रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेखीचा कायदा, लागत नाही. माझा रेरा नोंदणी क्रमांक कार्यालयात भिंतीवर आहे, पण तो नव्या प्रकल्पांसाठी. जुन्या घराला गिऱ्हाइकाच्या बाजूने बघायला वकील आणि एजंटच असतो, आणि वकील तुम्ही केला नव्हता. मी दोनदा सुचवलं होतं. ‘तुमच्या कमिशनमध्येच येत नाही का?’ असं तुम्ही विचारलंत.

कमिशनबद्दल बोलायचं नव्हतं, पण काढलंय तर बोलतो. दोन टक्के मी पहिल्या भेटीत सांगितले होते, तेही सेल डीडच्या, म्हणजे खरेदीखताच्या दिवशी द्यायचे. तुम्ही एकावर आणायला सांगितलंत, मी दीड म्हटलं. घर झालं नाही, मी एक रुपया मागितला नाही. दाखल्याचा खर्चही नाही. 28 ला तुम्ही शेजाऱ्याकडून विकणाऱ्याचा नंबर घेऊन त्याच्याशी परस्पर बोललात, हे मला विकणाऱ्याकडूनच कळलं. त्याचा मला राग नाही आला असं म्हणणार नाही. आला. 29 ला फोन न घेण्यामागे थोडा तोही होता. हे लिहायचं की नाही, यावर दोन दिवस घालवले.

घर चार लाख जास्त देऊन दिल्लीच्या पार्टीने घेतलं, असं तुम्हाला सांगण्यात आलं. असेल. मी काल पुन्हा उतारा काढला, त्यावर आजोबाच आहेत. म्युटेशनला वेळ लागतो, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही. मागच्या अंगणात म्हातारी अजून आहे, परवा तिने मला फणसाचे पापड दिले.

दर दोन दिवसांनी काय झालं ते व्हॉट्सॲपवर लेखी कळवत जावं, असं मुलीचं म्हणणं आहे. सुरू करतोय. सणासुदीच्या सुट्ट्यांची यादीही पहिल्या भेटीत देऊ. बाकीही काही सुधारणा करायच्या मनात आहेत.

त्या घराची फाईल, म्हणजे उतारा, सर्वे प्लॅन, दाखला, माझ्याकडेच आहे. तुमच्या पैशांनी नाही काढली, पण तुमच्यासाठी काढली होती. नवा एजंट कोण केलात माहीत नाही, त्याला दाखवायची असेल तर येऊन घेऊन जा. शुक्रवार सोडून कधीही या, आणि आलात तर कोलवाळच्या पुलाजवळून फोन करा.