गिअर पडत नाही म्हणजे प्लेट गेली? आधी बॉनेट उघडा

धुळे-जळगावच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘गॅरेजवाले तुम्हाला हे सांगणार नाहीत’ आणि खाली पाच मुद्दे. गिअर जड पडायला लागला की क्लच प्लेट संपली, लगेच पूर्ण सेट बदला. हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडा, इंजिन बंद पडलं तर क्लच ठणठणीत. क्लच दाबल्यावर आवाज आला तर गिअरबॉक्स गेला. गिअर खरखरत असतील तर जाड ऑइल टाका. आणि घाट उतरताना न्यूट्रल करा, क्लचही वाचतो आणि डिझेलही. लिहिणाऱ्याला गॅरेजवाल्यांचा राग असावा, पण त्याचा पहिलाच सल्ला एखाद्या लबाड गॅरेजवाल्याचा गल्ला भरून देणारा आहे.

त्या पहिल्या मुद्द्यापासूनच घेऊ, कारण सगळी गडबड तिथे आहे.

क्लचचे मुख्य आजार दोन आणि ते एकमेकांच्या उलट. पेडलवर पाय नसतो तेव्हा प्रेशर प्लेटची डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, दाबून धरते आणि इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे जातो. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर रेटतं, पकड सुटते, गिअर बदलता येतो. आता प्लेटचं अस्तर झिजलं तर बिघाड कुठे येणार? पकडीत. म्हणजे क्लच स्लिप मारणार. इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही, जळका वास येतो. पण गिअर मात्र नेहमीसारखे पडतात. गिअर जड पडणं हा दुसरा आजार. गॅरेजच्या भाषेत ‘क्लच कट होत नाही’. पेडल तळाला टेकलं तरी प्लेट थोडी घासतच राहते, तिच्याबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाचा जोर आत नेणारा दांडा) फिरत राहतो आणि गिअर पडण्याआधी आतल्या फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या बिचाऱ्या सिंक्रो रिंगला तो जुळवता येत नाही. प्लेट वाकली, अस्तराचा तुकडा निघून अडकला, तर तीही कट होऊ देत नाही हे खरं. पण नुसती झिज हे त्याचं कारण नव्हे.

कट न होण्याची बरीच कारणं गिअरबॉक्सच्या बाहेर असतात. केबलचा क्लच असेल तर केबल ताणली गेलेली असते किंवा तिचं अ‍ॅडजस्टमेंट बिघडलेलं असतं. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, असेल तर लाइनमध्ये हवा शिरलेली असते, किंवा मास्टर (पेडलकडच्या) नाहीतर स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलिंडरचं सील गेलेलं असतं. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर सुरळीत पडला तर संशय सरळ हायड्रॉलिकवर घ्यावा. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचला एकच ऑइलची डबी असते आणि क्लचचा पाइप डबीत वरच्या बाजूला लावलेला असतो. क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली राहावं म्हणून ही सोय. त्यामुळे ऑइल उतरलं की आधी क्लच ढिला पडतो. डबीकडे नुसतं बघायला पैसे पडत नाहीत. मात्र ऑइल कमी दिसलं तर भरून मोकळे होऊ नका, ते कुठे गेलं ते शोधा. गळती ब्रेकच्या लाइनमध्येही असू शकते.

गिअर का जड पडतो हे घरच्या घरी सांगणारी चाचणी मेसेजमध्ये नाही, ती ही. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, उभ्या गाडीतच पुन्हा टाकून पाहा. बंद असताना लोण्यासारखे आणि चालू असताना जड, तर क्लच कट होत नाही. दोन्ही वेळा जड, तर गिअर लिव्हरची केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्सच्या आतलं काही. एकच गिअर, बहुधा दुसरा, चालत्या गाडीत खरखरतो आणि बाकीचे गुण्यागोविंदाने पडतात, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली. गिअर पडतो पण नंतर आपोआप निसटतो, तर गिअरबॉक्सचा शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा आतला काटा) किंवा दात पाहावे लागतील. क्लचचा त्यात काही संबंध नाही. रिव्हर्स खरखरला म्हणून लगेच घाबरू नये. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग टाका. एवढं थांबूनही खरखर होत असेल तर क्लच कट होत नाही.

पेडल कुठे पकडतं तेही बघा. केबलच्या क्लचमध्ये गाडी पार वर, पाय जवळजवळ उचलल्यावर सुटत असेल तर प्लेट पातळ झालेली असू शकते, किंवा केबल जास्त ओढलेली. तळाशीच सुटत असेल तर केबल ढिली. हायड्रॉलिकमध्ये झिजेचा फरक आपोआप भरून निघतो, म्हणून तिथे उंचीवरून प्लेटचा अंदाज काढू नये.

दुसरा मुद्दा, हँडब्रेकची चाचणी. ही चाचणी अर्धीच खरी आहे आणि मेसेजच्याच पहिल्या मुद्द्याला खोटं पाडते. कट न होणाऱ्या क्लचची गाडी या चाचणीत हमखास बंद पडेल. म्हणजे मेसेजच्या हिशोबाने क्लच ठणठणीत! मग सेट कशाला बदलायला लावला? शिवाय उभ्या गाडीत इंजिन जेमतेम आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, चालू असतं, तेवढा जोर अर्धी झिजलेली प्लेटही धरून ठेवते. स्लिप पहिल्यांदा दिसतो तो भारात. टर्बो डिझेलचा सगळ्यात जास्त जोर साधारण 1750 ते 2500 आरपीएमच्या पट्ट्यात असतो. चार माणसं बसवून धुळ्याहून मालेगावकडे निघा, लळिंगच्या चढावर मागे-पुढे मोकळं असताना चौथ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट खरंच गेली. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांमधून पावसाळ्यात भरलेली पिकअप काळ्या चिखलातून अर्ध्या क्लचवर काढणाऱ्यांना ही चाचणी करायची गरज पडत नाही, वासच सांगतो.

आवाजाचा मुद्दा तर चक्क उलटा लिहिलाय. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर बहुधा रिलीज बेअरिंग. पाय काढलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर बंद होतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, कारण दाबल्यावर तो शाफ्ट थांबतो. गिअरबॉक्सची काळजी करायची ती या दुसऱ्या आवाजाची.

जाड ऑइल टाकलं की खरखर दबते, हे काही दिवस खरं वाटतं. पण जाड ऑइलात सिंक्रो रिंग उशिरा पकडते. डिसेंबरच्या पहाटे, आपल्याकडे बोचरी थंडी असते तेव्हा, पहिला-दुसरा आणखी जड जातो. ‘नव्वद नंबर’चं गिअर ऑइल म्हणून डब्यातलं कुठलंही ओतणं तर अजून वाईट. जीएल-5 दर्जाची काही ऑइलं डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरसाठी, असतात. पितळी सिंक्रो रिंगच्या गिअरबॉक्सला ती मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तकात ग्रेड लिहिलेला असतो, तोच टाकावा.

न्यूट्रलबद्दल फार लिहायला नको. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलला आयडलपुरतं जळतच राहतं. क्लच तर पाय काढलेला असताना झिजतच नाही. आणि कन्नड घाट चाळीसगावकडे न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचे ब्रेक खाली पोहोचेपर्यंत चांगलेच तापलेले असतात.

पूर्ण सेट बदलण्याचा सल्ला मात्र, प्लेट खरोखर गेली असेल तर, योग्यच आहे. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलावं. त्याच वेळी फ्लायव्हीलवर निळे डाग, चिरा आहेत का आणि क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल पाझरतंय का, हे स्वतः उभं राहून बघा. सील तसंच ठेवलं तर नवी प्लेटही तेलात भिजून स्लिप मारेल. जुनी प्लेट मागून घ्या. रिव्हेटच्या डोक्यावर अस्तर किती उरलं होतं ते नख फिरवलं की कळतं.