पोवेल्याच्या राखेचा हिशेब

‘जगातलं सर्वात झपाटलेलं बेट’ हा फॉरवर्ड दर थोड्या दिवसांनी नवे फोटो लावून पुन्हा फिरतो. मजकूर ठरलेला. व्हेनिसजवळच्या पोवेल्या बेटावर प्लेगचे १,६०,००० रोगी जाळले, तिथली निम्मी माती माणसांची राख आहे. १९२२ साली तिथे वेड्यांचं इस्पितळ निघालं. तिथला डॉक्टर रुग्णांच्या कवट्यांना भोकं पाडायचा, शेवटी भुतांनी त्याला मनोऱ्यावरून उडी मारायला लावली. वेड्यांचे आत्मे अजून किंचाळतात, म्हणून सरकारने बंदी घातली. यातलं बेट खरं, पडकं इस्पितळ खरं आणि परवानगीशिवाय जाता येत नाही हेही खरं. बाकीचं तपासू.

आधी राख. बेट सुमारे सात हेक्टरचं, म्हणजे ७०,००० चौरस मीटर. वरचा मीटरभरच थर धरला तरी ७०,००० घनमीटर माती, आणि निम्मी राख म्हणजे ३५,००० घनमीटर. ज्यांनी अस्थी सावडल्या आहेत त्यांना ठाऊक असतं, सगळं मिळून एक मडकं भरतं. माणशी तीन लिटर धरा. १,६०,००० जणांचे झाले ४८० घनमीटर. अख्ख्या बेटावर पसरले तर जेमतेम सात मिलिमीटरचा थर! आता लाकूड. एका देहाला ३०० किलो म्हटलं तरी ४८,००० टन लागेल, तेही खाडीतल्या शहरात, जिथे सरपणसुद्धा होडीने येई.

मुळात एवढी माणसं आणायची कुठून? १६३०-३१ च्या प्लेगमध्ये व्हेनिस शहरात सुमारे ४६,००० माणसं मेली, आणि साथीआधी शहराची वस्तीच १,४०,००० च्या आसपास होती.

शिवाय बेट चुकलंय. मोठ्या साथींतले रोगी जायचे लाझारेत्तो वेक्कियो या बेटावर, ते १४२३ पासून चालू होतं. नुसता संशय असलेली माणसं आणि माल १४६८ नंतर लाझारेत्तो नुओव्होवर. वेक्कियोवर खोदकामात दीड हजारांहून जास्त सांगाडे निघाले, लांब खंदकांत थरांवर थर पुरलेले. पोवेल्याचा नंबर लागला १७९३ साली, दोन जहाजांवर प्लेगचे रोगी सापडले तेव्हा. व्हेनिसमधल्या मोठ्या साथी तोवर इतिहासजमा झाल्या होत्या.

डॉक्टरचं प्रकरण लवकर आटोपतं. त्याला नाव नाही, तारीख नाही, आणि ज्या मनोऱ्याची घंटा अजून ऐकू येते म्हणतात, त्यात घंटाच नाही. कवटीला भोक पाडून मेंदूवर करायची ती शस्त्रक्रिया, म्हणजे लोबोटॉमी, खरी होती, पण ती कुणा माथेफिरूने लपूनछपून केलेली नाही. १९३५ साली लिस्बनमध्ये मोनिझ नावाच्या डॉक्टरने ती सुरू केली आणि १९४९ साली त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं. आमच्या मते भुतांपेक्षा हे जास्त भयंकर आहे.

पोवेल्याच्या इमारतींत १९२२ नंतर रुग्ण होते, पुढे तिथे म्हाताऱ्यांची सोय झाली आणि १९६८ साली सगळं बंद पडलं. पण व्हेनिसचे मनोरुग्ण मुख्यतः दुसऱ्याच दोन बेटांवर असत. सान सेर्वोलोवर १७२५ पासून, आणि बायका १८७३ पासून सान क्लेमेंतेवर. तिथे पोचलेल्या कित्येकांचा आजार पेलाग्रा होता, म्हणजे नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा रोग. व्हेनिसभोवतालच्या व्हेनेतो प्रांतातल्या गरिबांचं जेवण म्हणजे दोन्ही वेळा मक्याच्या पिठाचा घाटा. मक्यातलं नायसिन बांधलेलं असतं, पोटात सुटत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते सुटतं. युरोपने मका नेला, चुना तिथेच राहिला. आधी ऊन लागणारी कातडी करपते, हाताच्या पाठीवर आणि गळ्याभोवती पट्ट्यासारखी. मग जुलाब, मग झोप उडणं, भ्रम. इस्पितळात बरं खायला मिळालं की सुधारणा, घरी गेलं की पुन्हा घाटा. (ज्वारीवरच जगणाऱ्या दख्खनमधल्या गरिबांतही पेलाग्रा असतो, हे हैदराबादच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवलं.) फॉरवर्डमधले ‘किंचाळणारे वेडे’ प्रत्यक्षात असे होते.

‘धोकादायक होते म्हणून बेटावर टाकले’ हेही लोक सहज मानतात. १९०४ च्या इटालियन कायद्यात दाखल करायची अटच ती होती: स्वतःला वा इतरांना धोका, किंवा चारचौघांत लाज आणणारं वागणं. दाखल झालेल्याची नोंद फौजदारी दफ्तरात होई. दारुड्या, भटकी बाई, फिट येणारा पोरगा, कुणीही त्यात बसे. हा कायदा मोडीत काढण्यासाठी भांडला तो व्हेनिसमध्येच जन्मलेला मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बासाल्या. १३ मे १९७८ चा १८० क्रमांकाचा कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. नव्या भरत्या बंद. इच्छेविरुद्ध उपचार करायचे तर दोन डॉक्टरांचं मत, महापौराचा हुकूम, ४८ तासांत न्यायाधीशाला कळवणं आणि मुदत सात दिवस. साध्या रुग्णालयातला मनोरुग्ण विभाग १५ खाटांहून मोठा नको. सान सेर्वोलो त्याच वर्षी बंद झालं. म्हणजे इटलीतल्या अशा ओस पडलेल्या मनोरुग्णालयाचा फोटो टाकून ‘इथे काय घडलं असेल’ विचारणाऱ्याला उत्तर हे, की कायदा बदलला आणि माणसं बाहेर आली.

फॉरवर्डखाली मराठीत हमखास एक विनोद येतो, ‘याला येरवड्याला भरती करा’. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, चारही चालू रुग्णालयं आहेत, सकाळी केसपेपर काढून संध्याकाळी घरी जाणारे तिथे रोज येतात. भारताच्या २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधणं आणि भूल न देता विजेचे झटके देणं, दोन्हींवर बंदी आहे. घरच्यांनी दाखल करायचं तरी दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि पहिली मुदत ३० दिवसांपर्यंतच. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६.

राहिली बंदी. बेट सरकारी मालकीचं आहे आणि छपरं कोसळताहेत, कारण एवढंच. २०१४ साली सरकारने ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी लिलावात काढलं. सर्वात मोठी बोली ५,१३,००० युरोची, तीही कमी म्हणून फेटाळली. तेव्हाच व्हेनिसकरांनी माणशी ९९ युरो काढून संस्था उभी केली, आणि २०२५ साली बेटाचा उत्तरेकडचा भाग सहा वर्षांसाठी त्यांच्या हाती आला. तिथे त्यांना सार्वजनिक बाग करायची आहे.