‘कचऱ्याचे पैसे देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगावातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ‘कचऱ्याचे वेगळे पैसे देऊ नका, घरपट्टीत सगळे येते. सर्व्हेतही लोकांनी नकारच दिलाय. ओला-सुका वेगळा करून उपयोग नाही, पुढे एकत्रच होतो. भाडेकरूंनी तर एक रुपयाही देऊ नये. त्यापेक्षा कचरा कोपऱ्यावर जाळा, उरलेला नाल्यात सोडा, पावसात जातो वाहून.’ वडगावच्या आमच्या आत्याने हे खरे मानले. घंटागाडीत कचरा देणे बंद केले आणि मागच्या बोळात प्लास्टिक पेटवायला सुरुवात केली. म्हणून लिहितोय.

घरपट्टीचा मुद्दा अर्धा खरा आहे, ते मान्य. घरपट्टीच्या चलनावर आरोग्य उपकर (करावरचा जादा कर) असतो, ग्रंथालय उपकर असतो, भिकाऱ्यांसाठीचा भिक्षुक उपकरसुद्धा असतो. एवढे भरून वर कचऱ्याचे कशाला, असे वाटणारच. पण घनकचऱ्याचा उपकर त्या चलनावर वेगळा लावलेला असतो. म्हणजे तो घरपट्टीत ‘येत’ नाही, घरपट्टीबरोबर घेतला जातो. चलन हातात घेऊन रकाने वाचले असते तरी कळले असते.

सर्व्हे कुणी केला, कुठे केला, मेसेजात पत्ता नाही. असे सर्व्हे होतात, नाही असे नाही. सेवा सुधारली तर महिन्याला किती द्याल, असे घरोघरी विचारतात. पण शून्य म्हणणाऱ्याला पुढे ‘का?’ हेही विचारावे लागते. ऐपत नाही म्हणून शून्य म्हणणारा वेगळा, आणि ‘आधी गाडी वेळेवर आणा’ म्हणून रागाने शून्य म्हणणारा वेगळा. दुसऱ्याचे शून्य हा निषेध असतो. अभ्यासक त्याला स्वच्छता नको असल्याचा पुरावा मानत नाहीत. आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारा. ‘गाडी रोज येऊ दे की, पैशाला कोण नाही म्हणतंय?’ गाडी चुकली की हीच घरे कुणाला तरी दहा-वीस रुपये देऊन पिशवी उचलायला लावतात. याला नकार म्हणायचे?

आता जाळण्याचे. मला खरा संताप याचाच आहे. आत्याच्या बोळातल्या राखेत दुधाच्या पिशव्यांचे गोळे होते, वायरीचे तुकडे होते, शेजारच्या बाळाचा अर्धवट जळालेला डायपर होता. वायरीवरचे पीव्हीसी प्लास्टिक असे उघड्यावर धुमसले की डायॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते शरीरातल्या चरबीत साठते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. त्यातला सर्वांत विषारी प्रकार माणसात कर्करोग करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले. आणि हा धूर जातो कुठे? त्याच बोळात खिडकी असलेल्या घरात, जिथे ते बाळ झोपते.

आणि नाला? आपल्या शहरातला बळ्ळारी नाला फुगला की पाणी शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात शिरते. नाल्यात सोडलेली पिशवी भाताच्या वाफ्यात येऊन बसते, आणि ती उपसायची आपल्याच शेतकऱ्याने. मेसेज लिहिणाऱ्याचे शेत तिथे नसावे.

२०२६ पर्यंत लागू असलेल्या, केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतला चौथा नियम काढून वाचा. रस्त्यावर, मोकळ्या सार्वजनिक जागेत, गटारात किंवा पाण्यात कचरा टाकू नये, जाळू नये, पुरू नये. आणि लगेच पुढे, स्थानिक संस्थेने ठरवलेले शुल्क कचरा करणाऱ्या प्रत्येकाने द्यावे. मेसेज ज्याला नाही म्हणतो आणि ज्याला हो म्हणतो, दोन्हींची उत्तरे त्या एकाच नियमात होती.

वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होतो, हे कधी कधी घडते. मीही पाहिलेय. तेव्हा तिथल्या तिथे गाडी थांबवून विचारायचे, फोटो काढून तक्रार करायची. पैसे देणाऱ्याला तो हक्क आहे. पण घरातच एकत्र केलेला कचरा हाताने निवडताना पौरकार्मिकाच्या, म्हणजे सफाई कामगाराच्या, बोटात काच घुसते, त्याचे काय?

राहिले भाडेकरू. त्या नियमात ‘घरमालक’ लिहिलेले नव्हते, ‘कचरा निर्माण करणारा’ लिहिले होते. भाड्याच्या घरातही कांद्याची साले निघतात.