नाव बदलून डीव्हीडी होत नसते हो!

"सॉफ्टवेअर नको, कन्व्हर्टर नको. डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावातलं एमपीफोर काढून व्हीओबी लिहा, 'व्हिडिओ टीएस' फोल्डरात टाकून बर्न करा, कुठल्याही डीव्हीडी प्लेअरवर एचडी दिसेल. एका डिस्कवर सहा सिनेमे बसतात. मूळ फाइल खुशाल डिलीट करा, डिस्क शंभर वर्षं टिकते." फॅमिली ग्रुपवर फिरतोय हा मेसेज. मी सोडूनच दिलं असतं, पण आमच्या आत्यानं तो मनावर घेतला. नातीच्या नाचाचं शूटिंग तिला लिंकवर आलं होतं, ते असंच डिस्कवर घातलं, मूळ फाइल उडवली, आणि प्लेअर डिस्क ओळखायलाच तयार नाही. रात्री साडेदहाला मला फोन.

तर पहिलं नाव बदलायचं खूळ. व्हीओबी म्हणजे डीव्हीडीवरच्या व्हिडिओ फाइलचा प्रकार. दारावरची पाटी बदलली तरी घरात माणसं तीच राहतात ना? एमपीफोरमध्ये बहुतेक वेळा एच.264 या पद्धतीनं दाबून बसवलेला व्हिडिओ आणि एएसी पद्धतीचा आवाज असतो. साध्या डीव्हीडी प्लेअरला कळतो एमपेग-2 या वेगळ्या पद्धतीचा व्हिडिओ, तोही 720×576 किंवा 720×480 मापाचा, आवाज एसी-3 वगैरे. शिवाय प्लेअर आधी आयएफओ फाइल शोधतो, कुठला तुकडा कुठे सुरू होतो ते तिच्यात असतं, ती नसेल तर त्याला सुरुवात कुठून करायची हेच समजत नाही. कॉम्प्युटरवर मात्र नाव बदललेली फाइल मजेत चालते कारण व्हीएलसीसारखा व्हिडिओ चालवणारा प्रोग्रॅम नावाकडे न बघता आत काय आहे ते बघतो, आणि लोक तिथेच फसतात. व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणाऱ्या एफएफएमपेग या प्रोग्रॅमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'टार्गेट' ऑप्शन बघा, डीव्हीडी सांगितलं की कोडेक (दाबून बसवायची पद्धत), बिटरेट (सेकंदाला किती डेटा), बफर सगळं आपोआप सेट होतं. नुसत्या नावानं भागत असतं तर हा ऑप्शन ठेवला कशाला असता? आणि एवढं करूनही काम अर्धंच, आयएफओ बनवायला पुढे डीव्हीडीस्टायलरसारखं डीव्हीडी रचणारं सॉफ्टवेअर लागतंच.

सहा सिनेमे? 700 एमबीच्या सहा फायली डेटा म्हणून बसतील, कोण नाही म्हणतंय. पण डीव्हीडीत हिशोब तासांचा. 4.7 जीबीत दोन तासांना सेकंदाला साधारण 5 मेगाबिट मिळतात, सहा सिनेमांचे बारा तास कोंबले तर 1 मेगाबिटसुद्धा नाही, म्हणजे जुन्या व्हीसीडीच्या 1.15 पेक्षाही कमी. बघा मग चौकोन चौकोन. एचडीचं उत्तर तर वरच्या 720×576 मापातच आलं, ते एचडीपेक्षा लहान.

आता "आमच्याकडे चालतं" म्हणणारे येतील. चालत असेल, मान्य. डिव्हएक्स या व्हिडिओ पद्धतीचा लोगो असलेले प्लेअर साध्या डेटा डिस्कवरची एव्हीआय प्रकारची फाइल वाचतात, काही यूएसबीवरूनही चालवतात. पण ती करामत प्लेअरची, नाव बदलण्याची नाही.

आणि मूळ फाइल डिलीट करा हे लिहिणाऱ्याला तर काय म्हणावं! बर्न केलेल्या डिस्कमध्ये डायचा थर असतो, उन्हात राहिली तरी खराब होते, आणि हा शंभर वर्षांची गॅरंटी देतोय. डिस्क दुसऱ्या मशीनवर पूर्ण चालवून बघेपर्यंत मूळ फाइलला हात लावू नका, नंतरही कशाला लावायचा?

आत्याची फाइल वाचली. डिस्कवरून परत कॉपी केली, नाव पुन्हा एमपीफोर केलं, लगेच सुरू झाली, कारण नाव बदलून तिच्यात काही झालंच नव्हतं. हे मी समजावतोय तर आत्या म्हणते, "म्हणजे डिस्कवर टिकली की नाही? मेसेज खरा होता तर!"